उभ्या पाइपवर चढणारा तपासणी-रोबोट : आठ इंची लाइनसाठी, प्रोबपासून सुरुवात करून

पाइपच्या एका जागेची जाडी मोजायला अर्धं मिनिट पुरतं. त्या जागेपर्यंत पोचायला मात्र परांची बांधावी लागते, ती तपासून तिच्यावर टॅग लागतो, उंचीवरच्या कामाचं परमिट निघतं, मग हार्नेस लावून माणूस वर जातो. कोकणपट्टीतल्या रासायनिक कारखान्यांत तर पावसाळ्याचे चार महिने ओल आणि एरवी खारी हवा, त्यामुळे उघड्या कार्बन स्टीलच्या लाइनला बाहेरून गंज चढत राहतो आणि आतून रसायन आपलं काम करत असतं. जास्त जागी मोजायला हवं हे प्रत्येक इन्स्पेक्टरला कळतं. परांचीच्या खर्चामुळे आणि धोक्यामुळे मोजलं जातं ते हाताशी येणाऱ्या जागीच.

चढणारा रोबोट इथे खरोखर उपयोगी आहे. पण बहुतेक विद्यार्थी-प्रकल्प आणि काही विकत घेतलेली यंत्रंसुद्धा एकाच ठिकाणी अडतात: रोबोट सुरेख चढतो, व्हिडिओ छान येतो, आणि जाडीचा एकही भरवशाचा आकडा हाती लागत नाही. म्हणून इथे सगळं प्रोबच्या, म्हणजे पाइपमध्ये ध्वनिलहरी (अल्ट्रासॉनिक) सोडून प्रतिध्वनीवरून जाडी मोजणाऱ्या टोकाच्या, बाजूने मांडलं आहे. प्रोब पाइपवर नीट टेकला पाहिजे, आणि बाकीचं यंत्र त्यासाठी आहे.

उदाहरण एकच धरू: आठ इंची कार्बन स्टीलची उभी लाइन, बारा मीटर उंच, रंगवलेली, इन्सुलेशन नसलेली, तपासणीच्या वेळी बंद आणि थंड. यंत्र म्हणजे चार चुंबकी चाकांची छोटी गाडी, बाहेरून चढणारी.

आधी पाइपभोवती फिरून या

ड्रॉइंगवर विसंबू नका. आठ इंची पाइपचा बाहेरचा व्यास २१९.१ मिमी असतो आणि शेड्यूल ४० ची (शेड्यूल म्हणजे जाडीची प्रमाणित श्रेणी) नाममात्र जाडी ८.१८ मिमी. पण जागेवर काय आहे ते पाहायला हवं: सपोर्ट कुठे, यू-बोल्ट कुठे, फ्लँज (दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या रुंद कडा) किती, शेजारची लाइन किती जवळ. गाडीला पाइपच्या पृष्ठभागापासून साधारण १५० मिमी मोकळी जागा लागेल. तेवढी नसेल तर त्या बाजूची रेघ, म्हणजे गाडी खालून वर मोजत जाते तो सरळ पट्टा, सोडून द्यावी लागेल, आणि हे आधी कळलेलं बरं.

खिशात एक छोटं चुंबक ठेवा आणि लाइनला लावून पाहा. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसला ते धरत नाही, इन्सुलेशनवरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला (क्लॅडिंगला) नाही. अशा लाइनवर हे यंत्र चालणार नाही. तिथे पाइपला मिठी मारून चढणारे क्लॅम्पचे रोबोट लागतात. इन्सुलेशनखालचा गंज हा तर वेगळाच विषय आहे. कार्बन स्टीलमध्ये साधारण उणे १२ ते १७५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तो होऊ शकतो, आणि क्लॅडिंगवरून फिरणारी चुंबकी गाडी त्याबद्दल काहीच सांगू शकत नाही.

रंगाचे पोपडे सुटले असतील, गंजाचे थर बोटाने निघत असतील, तर चाक त्या थराला धरेल आणि थर पाइपला सोडेल. रोबोट खाली पडण्याचं हे अगदी साधं कारण आहे. खालून हात पोचेल तिथे खरवडून पाहा. वरचं दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या झूममधून पाहा. शंका असेल तर ही लाइन परांचीवरूनच करा.

प्रश्न लिहून काढा

इन्स्पेक्शन विभागाशी बसून एका कागदावर लिहा: कोणत्या प्रकारचं नुकसान शोधतोय? सगळीकडे सारखी झीज असेल तर चार उभ्या रेघा पुरतात. तुरळक खोल खड्डे असतील तर शंभर मिलिमीटरला एक वाचन हे जाळं फार विरळ आहे, खड्डा दोन वाचनांच्या मधून निसटतो. बेंडच्या बाहेरच्या वळणावर प्रवाहाने होणारी झीज शोधायची असेल, तर रोबोटला बेंडवर जाता आलं पाहिजे. सपोर्टला पाइप टेकतो तिथला गंज शोधायचा असेल, तर ही गाडी नेमकी तिथे पोचू शकत नाही, हे त्याच कागदावर स्पष्ट लिहून द्या.

चुंबक किती जोराचं हवं

इथे थोडा वेळ घालवू. अंदाजाने मोठं चुंबक लावून टाकलं, तर पुढे सगळंच बिघडतं: गाडी जड होते, मोटर मोठी लागते, जागेवर बसवताना बोटं चिरडतात.

गाडी तीन किलोची आणि वर ओढत नेलेली केबल व पाण्याची नळी मिळून एक किलो धरा. एकूण चार किलो, म्हणजे सुमारे ३९ न्यूटन खाली ओढणारं बल. उभ्या पाइपवर हे वजन फक्त घर्षणावर तोललं जातं. रबर आणि कोरडा रंग यांचं घर्षण चांगलं असतं, पण आपण अल्ट्रासॉनिकसाठी पाणी सोडणार आहोत आणि पाइपवर धूळ असणार आहे. म्हणून घर्षणांक ०.३ च धरा. ३९ ला ०.३ ने भागलं की १३० न्यूटन. त्यावर दुप्पट सुरक्षा घेतली की २६० न्यूटन, म्हणजे साधारण २६-२७ किलोचा दाब, चार चाकांत वाटला तर दर चाकाला साडेसहा ते सात किलो.

दुसरी तपासणी उलटण्याची. गाडीचा गुरुत्वमध्य पाइपपासून ६० मिमी बाहेर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत १५० मिमी अंतर आहे, तर वजन वरच्या चाकांना पाइपपासून सोडवायला बघतं. ३९ गुणिले ६० भागिले १५० म्हणजे जेमतेम १६ न्यूटन. वरच्या दोन चाकांत १३० न्यूटन आहेत, तेव्हा ती बाजू निर्धास्त. अशा गाड्या उलटण्याच्या बऱ्याच आधी घसरतात, म्हणून जास्तीची मेहनत घर्षणावर घ्या.

चुंबकाच्या पाकिटावर लिहिलेली पकड इथे कामाची नाही. ती जाड, सपाट, घासलेल्या पोलादी प्लेटवर मोजलेली असते. चाकावरचं एक मिलिमीटर रबर आणि पाइपवरचा पाव-अर्धा मिलिमीटर रंग मिळून पकड निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाऊ शकते. म्हणून स्वतः मोजा: त्याच व्यासाचा पाइपचा तुकडा भंगारातून आणा, चाक त्यावर ठेवा, मध्ये प्लास्टिकची पट्टी घाला आणि स्प्रिंगकाट्याने सुटेपर्यंत ओढा. हा आकडा वहीत लिहा. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर करायचा.

नेहमीची निओडिमियम चुंबकं ८० अंशांपर्यंतच चालवायची. त्यापुढे ती कायमची कमजोर होतात आणि थंड झाली तरी पकड परत येत नाही. लाइन गरम असताना तपासायची असेल तर उच्च तापमानाच्या श्रेणीचं किंवा समेरियम-कोबाल्टचं चुंबक घ्या.

चाकं: झुकवलेली हवीत

चुंबकी चाकाची सोपी रचना अशी: मधे कडीसारखं गोल चुंबक, दोन्ही बाजूंना माइल्ड स्टीलच्या चकत्या, चकत्यांचा व्यास चुंबकापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त. चुंबकीय प्रवाह एका चकतीच्या कडेतून पाइपमध्ये शिरतो आणि दुसऱ्या चकतीतून परत येतो. म्हणजे दोन्ही चकत्यांच्या कडा पाइपला टेकल्याच पाहिजेत.

नेमकं हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. डावं आणि उजवं चाक एकमेकांपासून १०० मिमीवर असतील, तर आठ इंची पाइपवर प्रत्येक चाक मधल्या रेषेपासून सुमारे २७ अंशांवर टेकतं. चाक सरळ उभं ठेवलं आणि चकत्यांत १५ मिमी अंतर असलं, तर आतली चकती टेकते आणि बाहेरची साडेसात मिलिमीटर हवेत राहते. तितक्या अंतरावर पकड जवळजवळ उरतच नाही. चाक २७ अंशांनी बाहेर झुकवा, म्हणजे त्याचा पृष्ठभाग पाइपच्या केंद्राकडे रोखलेला राहील. हाच कोन सहा इंची पाइपसाठी सुमारे ३६ अंश आणि बारा इंचीसाठी १८ अंश येतो. म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना बिजागरी द्या, कोन बदलून बोल्टने घट्ट करता येईल अशी. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असली की हे सहज जमतं.

चकत्यांच्या कडांना खाचे पाडले की पकड वाढते खरी, पण ते रंग ओरबाडतात आणि गंजाला नवी जागा मिळते. तपासणीच्या यंत्राने पाइप खराब करणं मला पटत नाही. अर्धा ते एक मिलिमीटर नायट्राइल रबर चिकटवा आणि पकडीतली घट चुंबकाने भरून काढा.

ईटीएच झुरिचमध्ये बनलेला मॅग्नेबाइक हा रोबोट पाहण्यासारखा आहे. सायकलसारखी एकामागे एक दोनच चुंबकी चाकं, आणि कोपऱ्यात अडकलेलं चाक सुटावं म्हणून शेजारी छोटे उचलणारे हात. वीजकेंद्रांतल्या वाफेच्या पेट्यांच्या आत फिरण्यासाठी तो केला होता. आपल्या सरळ पाइपला एवढं लागत नाही, पण फ्लँज ओलांडायचा विचार असेल तर कल्पना तिथून घ्यावी.

मोटर

गाडीचं वजन ३९ न्यूटन, त्यात चाकं लोळण्याचा विरोध १३ न्यूटन धरा, एकूण ५२. चाकाची त्रिज्या २५ मिमी, म्हणजे टॉर्क १.३ न्यूटन-मीटर, चारांत वाटून सुमारे ०.३३. एखादं चाक वेल्डवर किंवा पोपड्यावर असताना बाकीच्यांनी भार उचलावा म्हणून दर मोटरला एक न्यूटन-मीटर सलग देता यावा. सेकंदाला ५० मिमी वेग पुरे, म्हणजे मिनिटाला १९ फेरे. वर्म गिअरची मोटर घ्या. वीज गेली तरी जास्त गुणोत्तराचा वर्म गिअर उलटा फिरत नाही आणि गाडी जागच्या जागी थांबते.

प्रोब

गंजलेल्या पाइपसाठी दोन स्फटिकांचा (एक ध्वनी सोडतो, दुसरा ऐकतो), पाच मेगाहर्ट्झचा, दहा मिलिमीटरच्या आसपासचा प्रोब नेहमी वापरतात. त्यातला ध्वनिरोधक पडदा पाइपच्या लांबीला काटकोनात बसवा, लांबीच्या दिशेने नको. गाडीवर प्रोब एकदाच बसवायचा असल्याने ही दिशा चुकली तर प्रत्येक वाचनात चूक शिरते.

प्रोब बसवायला दोन्ही अक्षांत डोलणारी कडी आणि मागून हलकी स्प्रिंग. स्प्रिंग जास्त ताठ केली तर ती गाडीलाच पाइपपासून ढकलते. दहा न्यूटनच्या आत ठेवा आणि तेवढं चुंबकाच्या हिशेबातून वजा करा. स्प्रिंगचा प्रवास किती हवा? सरळ पाइपवर तीन-चार मिलिमीटर पुरतात. आठ इंची लाँग-रेडियस बेंडवर मात्र, १५० मिमी लांबीच्या गाडीखाली, बाहेरच्या वळणावर पृष्ठभाग सुमारे सात मिलिमीटर वर येतो आणि आतल्या वळणावर चौदा मिलिमीटर खाली जातो. बेंड करायचा असेल तर स्प्रिंगला तेवढा प्रवास द्या.

ध्वनी हवेतून पोलादात जात नाही, मध्ये द्रव लागतो. जमिनीवर छोटा पंप ठेवून बारीक नळीने प्रोबच्या टोकाशी थेंबथेंब पाणी सोडा. आता जागेचा विचार करा. वर चढताना पाणी खाली वाहतं, म्हणून प्रोब चाकांच्या खालच्या बाजूला, शेपटीकडे हवा; चाकं कोरड्या पाइपवर राहतात. मोजायचं ते चढतानाच. उतरताना गाडी ओल्या पट्ट्यावरून येते, म्हणूनच वर घर्षणांक ०.३ धरला.

पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९२० मीटर. ८.१८ मिमी जाडीत जाऊन परत यायला २.८ मायक्रोसेकंदसुद्धा लागत नाहीत. इतक्या बारीक संकेतासाठी पंधरा मीटर केबल खाली आणणं बरं नव्हे. जाडी मोजणारा सर्किटबोर्ड गाडीवरच ठेवा आणि खाली फक्त डिजिटल माहिती पाठवा. मोटरचा विद्युत-गोंगाटही संकेतात शिरतो. त्यामुळे थांबा, मोटर बंद करा, मोजा, पुढे जा. दर १०० मिमीला एक वाचन धरलं तर बारा मीटरला १२० आणि चार रेघांना ४८०.

रंगाची काळजी घ्या. रंगात ध्वनीचा वेग पोलादाच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे ०.३ मिमीचा रंग पाइपच्या जाडीत ०.७ मिमीची खोटी भर घालू शकतो. गंजलेला पाइप जाड दिसणं ही सगळ्यात घातक चूक. एकामागून एक येणाऱ्या दोन प्रतिध्वनींमधलं अंतर मोजणारी पद्धत वापरली की रंग आपोआप वजा होतो. आतली भिंत फारच खडबडीत असेल तर दुसरा प्रतिध्वनी येत नाही; अशा ठिकाणी आकडा देऊ नका, ‘वाचन नाही’ असं लिहा.

दोर

चार किलोची गाडी बारा मीटरवरून सुटली तर जमिनीवर ताशी ५५ किलोमीटर वेगाने आदळते. म्हणून गाडीला स्वतंत्र सुरक्षा-दोर हवाच, वरच्या प्लॅटफॉर्मवर किंवा पक्क्या स्ट्रक्चरला टांगलेल्या, झटक्याने अडकणाऱ्या फॉल-अरेस्टरवर. वीज-पाण्याची केबल हा सुरक्षा-दोर नव्हे. वर दोर टांगायला पक्की जागा नसेल तर त्या लाइनवर हा रोबोट चढवू नये, कोणी कितीही घाई केली तरी.

वर्कशॉपमध्ये आधी

तीन मीटरचा तसाच पाइपचा तुकडा उभा करा. त्याला आतून ग्राइंडरने दोन-तीन ठिकाणी ज्ञात खोलीपर्यंत घासा, एका जागी खड्डा पाडा. पृष्ठभाग कोरडा, ओला, धूळ लावलेला, तिन्ही स्थितींत चढवा. अर्ध्यावर वीज तोडा, गाडी थांबते का पाहा. एक चाक बंद करून पाहा. शेवटी, ज्याला घासलेल्या जागा माहीत नाहीत अशा सहकाऱ्याला रोबोटने त्या शोधायला सांगा. तो त्या शोधू शकला नाही तर प्लांटमध्ये जायची वेळ अजून आलेली नाही.

इथेच एक गोष्ट दिसेल: गाडी सरळ चढत नाही, हळूहळू पाइपभोवती मळसूत्रासारखी फिरत जाते. गाडीवरचा ॲक्सिलरोमीटर ओळंब्याचं काम करतो. नाक उभ्या रेषेपासून कलंडलं की डाव्या-उजव्या मोटरच्या वेगात थोडा फरक करून ते सरळ करा. मात्र गाडी आधीच शेजारच्या रेघेवर सरकली असेल तर उभ्या पाइपवर हा सेन्सर ते सांगू शकत नाही. त्यासाठी कॅमेरा हवा.

प्लांटमधला दिवस

परमिट आधी. ज्वलनशील वायूच्या क्षेत्रात ब्रशच्या मोटरची, लिथियम बॅटरीची साधी गाडी नेता येत नाही. तिथे त्या क्षेत्रासाठी प्रमाणित उपकरण लागतं. म्हणून अशा गाडीसाठी शटडाऊनमधली (देखभालीसाठी प्लांट बंद असतानाची), रिकामी केलेली, वायूची चाचणी झालेली लाइन निवडा आणि सेफ्टी ऑफिसरला यंत्रात नेमकं काय आहे ते स्पष्ट सांगा. खाली बॅरिकेड घाला, आत कोणीही उभं राहायचं नाही, कंट्रोलर धरणारासुद्धा. पेसमेकर असलेल्या माणसाला चाकांजवळ येऊ देऊ नका.

जाडी ठाऊक असलेल्या पायऱ्यांच्या ब्लॉकवर प्रोब कॅलिब्रेट करा, काम सुरू करताना, प्रत्येक रेघेनंतर आणि शेवटी. पाइप आणि ब्लॉक यांच्या तापमानात ५५ अंशांचा फरक असेल तर वाचन सुमारे एक टक्क्याने सरकतं. मग दोर अडकवा, गाडी हाताने पाइपला लावा, एकेक बाजू टेकवत, बोटं चाकाखाली न ठेवता. दुसऱ्या रेघेसाठी गाडी वरच फिरवायचा प्रयत्न करू नका, खाली आणून बाजूला लावा. झुकलेली चाकं पाइपवर वळताना पकड सोडतात.

चाकाचे फेरे मोजून उंची काढली तर घसरणीमुळे ती चुकत जाते. वर गेलेल्या केबलवर दर मीटरला खूण करा आणि गोल वेल्ड दिसले की त्यांची नोंद घ्या. पुढच्या वेळी तीच जागा सापडण्यासाठी वेल्ड हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे.

चाकांना लोखंडी कण आणि गंजाची पूड चिकटत जाते. प्रत्येक रेघेनंतर चिकटपट्टीने ती ओढून काढा.

आकडे

पहिला आकडा ७.३ मिमी आला तर लगेच ‘०.९ मिमी गेला’ असं लिहू नका. नेहमीच्या सीमलेस (लांबीला जोड नसलेल्या) पाइपला जाडीत साडेबारा टक्के कमी चालतं, म्हणजे ८.१८ चा पाइप कारखान्यातून ७.१६ चासुद्धा आलेला असू शकतो. मूळ नोंद नसेल तर हे पहिलं वाचनच पाया धरा.

संशयास्पद आकड्यामागचा प्रतिध्वनीचा तरंग उपकरणात उघडून पाहा. पाइप फार पातळ झाला असेल तर उपकरण दुसरा प्रतिध्वनी पकडून दुप्पट जाडी दाखवू शकतं, आणि पोलादात मध्येच थर सुटला असेल तर निम्मी. सगळ्यात कमी आलेल्या दोन-तीन जागा माणसाने हाताने पुन्हा मोजायच्या. तेवढ्यासाठी परांची बांधावी लागली तरी ती आता नेमक्या जागी बांधता येते.

मग झिजेचा वेग. एकाच जागी पाच वर्षांपूर्वी ७.६ आणि आज ६.६ असेल, तर वर्षाला ०.२ मिमी. त्या लाइनला किमान ३.६ मिमी लागत असेल तर तीन मिलिमीटर शिल्लक, म्हणजे पंधरा वर्षं. एपीआय ५७० (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची चालू पाइपिंगच्या तपासणीची नियमावली) प्रमाणे पुढची जाडी-तपासणी उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळाच्या आत, इथे साडेसात वर्षांत. आणि लाइन त्या नियमावलीतल्या पहिल्या, म्हणजे गळती सगळ्यात धोक्याची ठरेल अशा, वर्गातली असेल तर पाच वर्षांत, जे कमी असेल ते.

अहवालात चारही रेघांचे आलेख, उंची आणि वेल्डच्या खुणांसह द्या. जिथे वाचन मिळालं नाही त्या जागा वेगळ्या रंगाने दाखवा, आणि गाडी पोचलीच नाही त्या सपोर्टची यादी स्वतंत्र जोडा. पुढच्या शटडाऊनला परांची कुठे बांधायची ते इन्स्पेक्टर त्या यादीवरून ठरवतो.